व्हिएन्नात आम्ही बाहेर जेवलो

सन २००४. मला अडुसष्टावं लागलं होतं आणि माझ्या नावाचा पासपोर्ट पहिल्यांदाच निघाला होता. वसईकडच्या आगाशीच्या वाडीत पानवेली आणि केळी यांच्यात जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत, तीही वाडीला पाणी लावून उरलेल्या वेळात. आमची घरची बोली निराळी. लिहायला बसलो की मास्तरांची भाषा पुढे येते. तिच्यात घरची मिसळली तर मिसळली, मी ती निवडत बसणार नाही.

युरोपातून परत आल्यावर जो तो विचारतो, काय बघितलंत, आणि लगेच पुढे म्हणतो, खायचे हाल झाले असतील. हाल बिलकुल झाले नाहीत. आम्ही दोघं नवरा-बायको सकाळ-संध्याकाळ साहेबासारखे खाणावळीत जेवलो. पण का जेवलो, ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढतो.

नीता माझी एकुलती लेक. सात वर्षांपूर्वी विरारला फुलपाड्यात दिली. जावई प्रशांत, मूळचं कोकणातलं नोकरदार घर, माणूस शांत. त्याला कॉम्प्युटरच्या कामावर दोन वर्षांसाठी व्हिएन्नाला पाठवलं आणि नीताही गेली. तिला अजून मूलबाळ नव्हतं. आणि आमच्यात नेम आहे: लेकीला मूल होईपर्यंत आई-बापाने तिच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही. माझे वडील माझ्या थोरल्या बहिणीकडे अर्नाळ्याला भर उन्हात चालत जात, तिच्या ओट्यावर बसत आणि पाणी गावच्या विहिरीवर जाऊन पीत. नीता फुलपाड्याला होती तोवर मीही तेच केलं. केळ्यांची फणी ठेवायची, घटकाभर बोलायचं, कोरड्या घशाने उठायचं. घर जवळ असलं की नेम सोपा असतो.

विमानाने जायच्या गावी तो कसा पाळायचा, हे मी निघण्याआधी मनात आणलं नव्हतं. मंडळीने, म्हणजे माझ्या बायकोने, आणलं असावं. ती बोलली नाही.

पोचल्याचा दिवस

नीताचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना दगडी, रुंद, बैल चढवता येईल असा. दार उघडल्या उघडल्या भाताचा वास आला. टेबलावर चार ताटं मांडलेली, पाण्याचे पेले भरलेले. मी हातपाय धुतले आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलो.

"बाबा, बसा ना," नीता म्हणाली.

"बसलोय की."

ती समजली. तिने दोन ताटं उचलून फळीवर ठेवली. मंडळी हळूच माझ्याजवळ आली.

"अहो, हे घर भाड्याचं हाय. मालक इकडचा कोणीतरी गोरा. मग लेकीचं घर कसं झालं?"

"घर कोणाचं ते कोण बघतो? चूल कोणाची ते बघतात."

"चूल कुठाय? काळी काच हाय नुसती. आग दिसते का तुम्हाला?"

"भात शिजतो ना तिच्यावर? मग चूलच ती."

प्रशांत खाली मान घालून ऐकत होता. नीता हसली आणि म्हणाली, "बाबा, अंघोळ चालेल, झोपलेलं चालेल. चूळ भरताना घोट गेला तर काय करायचं?" मीही हसलो. तेव्हा सगळं हसण्यावारी होतं.

तिच्या इमारतीच्या कोपऱ्यावर एक जुनी खाणावळ आहे. लाकडी बाकं, पडदे, भिंतीवर हरणाची शिंगं. नीता आम्हाला तिथे घेऊन गेली, गाईचं-वासराचं आणायचं नाही एवढं वाढप्याला समजावलं आणि वर गेली. वाढपी म्हणजे उंच, पांढऱ्या केसांचा, काळा कोट घातलेला माणूस. हसणं त्याला ठाऊक नसावं. फिश हा शब्द त्यांच्यातही फिशच आहे. पुढे माझा सगळा कारभार त्या एका शब्दावर चालला.

डोक्यासकट तळलेला नदीचा मासा आला. मसाला नाही, हळद नाही, नुसतं मीठ, लोणी आणि लिंबू. बाजूला उकडलेले बटाटे. पहिला घास फिका लागला. दुसऱ्या घासाला कळलं की मासा ताजा आहे, म्हणून लपवाछपवी केलेली नाही. काटा-सुरी बाजूला ठेवून मी हाताने जेवलो. काट्याने काटे कसे काढायचे ते त्यांचं त्यांना माहीत.

दोघांची ताटं एकदम आली, त्याने मंडळीची पंचाईत झाली. बेचाळीस वर्षं ती मला वाढून मग जेवणारी. इथे वाढायला काहीच नाही. शेवटी तिने आपल्या ताटातले दोन बटाटे माझ्या ताटात टाकले, तेव्हा तिचा घास खाली उतरला. वाढपी ते बघत उभा होता. दुसऱ्या दिवसापासून तो न सांगता एक ओला टॉवेल माझ्या हाताशी ठेवू लागला. हसला मात्र नाहीच.

गावात

दुसऱ्या दिवशी नीताने आम्हाला शहर दाखवलं. ट्राम घंटा वाजवत येते, कोणी लोंबकळत नाही, तिकीट बघायला कोणी येत नाही, तरी सगळे तिकीट काढतात. याचा मला अचंबा वाटला. मधोमध एक प्रचंड चर्च आहे, त्याच्या छपरावर रंगीत कौलांची नक्षी, आपल्याकडच्या सतरंजीसारखी. आत मंडळीने एक मेणबत्ती लावली. आमच्या शेजारी ख्रिस्ती घरं पुष्कळ, तिला ते नवं नाही. कशासाठी लावली ते मी विचारलं नाही. नीता तिच्या शेजारी उभी होती.

मग कॉफीच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसांना कसली घाई नाही. एक कप कॉफी घेऊन एक म्हातारा वर्तमानपत्र वाचत बसला होता, तो आमच्या आधीपासून होता आणि आम्ही उठलो तरी होता. कोणी त्याला ऊठ म्हटलं नाही. कॉफीबरोबर, न मागता, चांदीसारख्या तबकात एक पेलाभर पाणी येतं. पेल्यावर चमचा आडवा ठेवलेला. ते पाणी लांबच्या डोंगरातून येतं म्हणे. गार आणि गोड. मी एका दमात संपवलं. वाढपीण आली आणि पुन्हा भरून घेऊन आली.

"माणुसकी हाय बघ," मी म्हटलं. "न मागता पाणी देतात."

मंडळी पदराने तोंड पुसत म्हणाली, "परक्या बाईने न मागता दिलेलं गोड लागतं. लेकीने दिलेलं घशाखाली जात नाय."

नीता बाहेर बघत होती. मी दुसरा पेला अर्धा ठेवला.

राजवाडा

तिसऱ्या दिवशी राजाचा वाडा पाहिला. आतल्या खोल्यांचं मी काय सांगू, सोनं आणि आरसे, आरसे आणि सोनं. चौथ्या खोलीत माझे पाय दुखायला लागले. बाग मात्र मी मन लावून पाहिली. झाडं अशी छाटलेली की न्हाव्याच्या दुकानातून रांगेने बाहेर आल्यासारखी. एवढी जमीन, आणि खाता येईल असं काही नाही. आमच्याकडे एवढ्या जागेत सबंध गाव पोसला असता. पण फुलांच्या ताटव्यात एक गवताची काडी सापडेना, तेव्हा मी मनातल्या मनात त्या माळ्याला हात जोडले. काम ते काम.

बागेच्या टोकाला लोखंड आणि काचेचा एक महाल आहे. देवळाएवढा उंच. आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. आगाशीची हवा! आत माड, नेचे, आणि एका कोपऱ्यात केळ. केळ, जी आमच्या बांधावर लाथेसरशी उगवते, तिच्यापुढे पितळी पाटी, कुंपण, आणि गोरी माणसं फोटो काढतायत. मी बुंधा बघितला, पानं बघितली, मुळाशी किती पिलं, म्हणजे नवे कोंब, सोडलीत ते बघितलं. हाताला सवय असते. मी म्हटलं, "नुसती पानं काढतंय झाड. याला घड धरायचा नाय. वांझ राहणार हे."

मंडळीने माझ्या मनगटाला धरून इतका जोरात चिमटा घेतला की मी ओरडलो. तोपर्यंत नीता दाराकडे चालू लागली होती.

मी केळीबद्दल बोललो होतो. आमच्या धंद्यात तो शब्द दिवसातून दहादा तोंडात येतो. घड न धरणाऱ्या झाडाला दुसरं काय म्हणायचं? पण शब्द तोंडातून गेला होता, आणि तो कुठे जाऊन बसला ते मला दिसत होतं. नीता बाहेर बाकावर बसली होती. आम्ही गेलो तेव्हा तिने ट्रामची वेळ सांगितली. बाकी काही नाही. परतताना मंडळी तिच्या शेजारी बसली, मी मागे.

पाळणा

शुक्रवारी प्रशांतने सकाळची सुट्टी काढून आम्हाला मोठ्या पाळण्यात बसवलं. आगाशीच्या जत्रेतला पाळणा म्हणजे याचं पोर. याला लाल डबे आहेत, एकेका डब्यात दहा-पंधरा माणसं, आणि तो इतक्या सावकाश फिरतो की आपण वर जातोय हे कळतच नाही. वर गेल्यावर सगळं शहर दिसलं, नदी दिसली, पलीकडे डोंगर. प्रशांत माझ्या शेजारी उभा राहून बोट दाखवत म्हणाला, "ते आपलं घर, बाबा. त्या हिरव्या घुमटाच्या उजवीकडे." मला काही घुमट सापडला नाही, पण मी हो म्हटलं. आपलं घर म्हणाला तो. मला ते ऐकू आलं.

दुपारी मंडळी वरून जरा उशिरा उतरली, मग दोघं आमच्या कोपऱ्यावरच्या खाणावळीत बसलो. मी दोन बोटं दाखवून फिश म्हटलं. ताटं आली. मंडळी हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"जेव ना."

"मी जेवून आलेय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? लेकीकडे. भात आणि डाळ. वर लोणचं."

माझा घास हातात राहिला. "नेम मोडलास?"

"मोडला." तिचा आवाज चढला नाही. "ती माझ्या पोटात नऊ महिने जेवली, तेव्हा मी कसला नेम काढला होता? काल ती त्या काचेच्या घरातून बाहेर गेली, तेव्हाच मी ठरवलं. तुमचा नेम तुम्ही पाळा. मी तुम्हाला अडवत नाय."

रागाने मी दोन्ही मासे खायला घेतले. दुसरा जाईना. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा आणि त्याची मुलगी बसली होती, नाकाची ठेवण एकच, म्हणून ओळखलं. जेवून झाल्यावर वाढप्याने काहीतरी विचारलं आणि दोघांनी आपापली पाकिटं काढून आपापले पैसे दिले. मग मुलीने बापाच्या गालाला गाल लावला आणि गेली. मला हसू आलं.

"बघ, बघ. बाप-लेक, आणि हिशेब वेगळा!"

"हसताय कशाला?" मंडळी म्हणाली. "त्यांनी एका टेबलावर बसून तरी खाल्लं."

बाजार

शनिवारी मायलेकी बाजारात निघाल्या, मी पिशवी धरायला. दुसऱ्या दिवशी सगळं बंद, म्हणून गर्दी होती. मासळीच्या दुकानात मासे बर्फावर हारीने मांडलेले, देवघरातल्या देवांसारखे. मंडळीने पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या कोळणींशी जन्मभर भांडून मासे घेतलेले. तिने सरळ हात घातला, एका माशाचा कल्ला उचलला, आत लाल आहे का बघितलं आणि पोट दाबलं. दुकानदार असा ओरडला की मागची रांग थांबली. नीता हात जोडून त्याला काहीतरी सांगत होती. मंडळी मासा हातात धरून शांत उभी.

"त्याला सांग, मासा चांगला हाय. ओरडायला काय झालं? वाईट असता तर मी ओरडले असते."

नीताने ते सांगितलं की नाही ठाऊक नाही. पण त्याने मासा बांधून दिला. दोन दिवसांनी नीता पहिल्यांदा मोकळं हसली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून चालू लागली. मी पिशवी घेऊन मागे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी या गावात चार दिवस मागेच चालतोय.

रविवार

रविवारी पाऊस. उठून खाली गेलो तर खाणावळीला कुलूप. बेकरीला कुलूप. रस्त्यावर माणूस नाही. राजवाड्यातल्या चालण्याने गुडघे धरले होते, ट्रामने गावात जाववेना. वर येऊन खुर्चीत बसलो.

"बाबा, आज काय करणार?" नीताने विचारलं.

"आज माझा उपवास हाय."

"कसला?"

"रविवारचा."

"रविवारचा उपवास कधीपासून धरलात?"

"आजपासून."

मंडळीने स्वयंपाकघरातून फक्त एक भांडं आपटलं.

प्रशांत छत्री घेऊन गेला. स्टेशनावरचं एक दुकान म्हणे रविवारीही उघडं असतं. भिजून परत आला, पिशवीत पाव आणि चीज. माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "हे घरात शिजलेलं नाही, बाबा."

एवढा भिजलेला माणूस. पण जावयाच्या पैशाचं ते त्याच्या घरचंच. मी पिशवी टेबलाच्या मधोमध सरकवली. तो कपडे बदलायला गेला.

दुपारी माशाचं कालवण शिजलं. नीताचा हात तिच्या आजीसारखा, माझ्या आईसारखा. चिंच शेवटी टाकते, वास उडू देत नाही. तिने चार ताटं मांडली. मी खिडकीकडे तोंड केलं. माझ्या पाठीमागे एक ताट उचलल्याचा आवाज झाला, फळीवर ठेवल्याचा आवाज झाला. तिघं जेवली. कोणी चवीचं बोललं नाही.

संध्याकाळी पाऊस उघडला. तिकडे त्या दिवसांत नऊ वाजले तरी ऊन असतं. प्रशांत आणि मंडळी खाली पाय मोकळे करायला गेली. मला वाटतं त्यांना पाठवलं होतं. नीता माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, तुम्ही ज्याची वाट बघताय ना, त्याची आता वाट बघू नका."

मी तिच्याकडे बघितलं.

"दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. एकदा विरारला, एकदा इथे. डॉक्टर म्हणाले, पुन्हा नको, तुमच्या जिवावर बेतेल. आम्ही दोघांनी ते मान्य केलंय. आईला माहीत हाय."

मला माहीत नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मला सांगायचं कोणाचं धाडस झालं नव्हतं. विरारच्या वेळी मी तिथून अर्ध्या तासावर होतो, वाडीत.

"तुमचा नेम मोडा, असं मी म्हणत नाय," ती म्हणाली. "तुम्ही कोणासाठी काय बदललंत आजवर? फक्त एक सांगा. रोज मी तुमचं ताट मांडते आणि रोज उचलते. फुलपाड्यातही असंच करायचे, तुम्ही आलात की. ह्यापुढे मांडू का नको? नको असेल तर नको म्हणा. मला राग नाय. एकदा कळलं म्हणजे झालं."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. ती उठून गेली. जिन्यावर त्या दोघांचे पाय वाजले, तसा मी अंथरुणावर जाऊन पडलो. पोटात काही नव्हतं, पण भूक लागली होती असं म्हणता येणार नाही.

पडल्या पडल्या मी त्या नेमाचा विचार केला. तो खोटा आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. लेक दिली की बापाने तिच्या सासरी हात पसरायचा नाही, तिला तिथे मिंधं करायचं नाही, यात वाईट काय? आमच्या जुन्या माणसांनी तो लेकीसाठीच केला होता. मूल झालं की तिचा पाय त्या घरात रोवला गेला, मग बापाने खुशाल जेवावं. पण माझ्या लेकीचा पाय रोवला गेला होता. भर पावसात माझ्यासाठी पाव आणायला गेलेला तो मुलगा दोन्ही वेळेला तिच्या उशाशी बसला असेल. मी कशाची वाट बघत होतो? आणि वडील विहिरीवर पाणी पीत तेव्हा माझी बहीण दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत असे, ते मी लहानपणी पाहिलं होतं. तिचं तोंड कसं दिसत होतं, ते काही केल्या आठवेना.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. बाहेर उजाडलेलं होतं. स्वयंपाकघरात गेलो आणि फ्रिज उघडला. कालच्या कालवणाचा टोप वरच होता. तो बाहेर काढला. टेबलावर प्रशांतने आणलेला पाव तसाच पडला होता, कडक झालेला. टोपाचं झाकण काढून मी पाव मोडला, कालवणात बुडवला आणि उभ्यानेच खाल्ला. गार कालवण रात्रभरात मुरलं होतं. आमच्या वसईत कालच्या कालवणाची चव ज्याला माहीत नाही त्याला मी माणसात धरत नाही.

तिसऱ्या घासाला नीता दारात दिसली. केस मोकळे, डोळे सुजलेले.

"बाबा, गरम तरी करू द्यायचं. मी ताट घेते."

"गरम पाहुण्याला कर," मी म्हटलं. "आणि माझं ताट मांडत जाऊ नको. भूक लागली की मी माझं घेईन."

ती तशीच उभी राहिली. मी पावाचा दुसरा तुकडा मोडून तिच्यापुढे धरला आणि टोप दोघांच्या मधे ओढला.